विश्लेषण : ऑपरेटिंग सिस्टीमही ‘दळून’ आणता येते... पण आणावी का?

रात्री फोन चार्जिंगला लावताना पडद्यावर सूचना येते, ‘सिस्टीम अपडेट उपलब्ध’. अंगठा टेकवला की सकाळी फोन नवा. आत काय बदलले, कोणी बदलले, ते कुठल्या यंत्रावर तयार झाले, याचा पत्ता फोनच्या मालकाला नसतो आणि बहुतेकांना तो नकोही असतो. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमचे काही वापरकर्ते मात्र अपडेट असे घेत नाहीत. ते सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनी लिहिलेला मूळ मजकूर, उतरवून घेतात आणि त्यातून अख्खी प्रणाली स्वतःच्या यंत्रावर बांधतात. हौशी लोकांचा उद्योग म्हणून याकडे दुर्लक्ष करणे एके काळी सोपे होते. मार्च २०२४ मध्ये जे घडले, त्यानंतर ते तितके सोपे राहिलेले नाही.

फ्रीबीएसडी आहे तरी काय?

अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात युनिक्सवर जे काम झाले, त्यातून बीएसडी हे घराणे उभे राहिले. फ्रीबीएसडी ही त्याची १९९३ मध्ये सुरू झालेली शाखा. नाव अनोळखी वाटले तरी वापर अनोळखी नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर सुरुवातीची कित्येक वर्षे याच प्रणालीवर चालत. संस्थापक जॅन कूम यांनी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनला दहा लाख डॉलरची देणगी दिली ती त्याच ऋणातून. प्लेस्टेशन ४ची प्रणाली फ्रीबीएसडीवरून बेतलेली आहे. मोबाइलवर नेटफ्लिक्सचा चित्रपट लागतो तेव्हा तो पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीचेच असतात. आयफोनच्या मुळाशी असलेल्या डार्विनमध्येही बीएसडीचा कोड आहे.

लिनक्सपेक्षा एक फरक इथे महत्त्वाचा. लिनक्सचा कर्नल एका गटाकडून येतो, रोजच्या वापराच्या आज्ञा दुसऱ्याकडून, कंपायलर तिसऱ्याकडून; डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे ही मोट बांधतात. फ्रीबीएसडीत कर्नल, कंपायलर, लायब्ररी, आज्ञा आणि माहितीपुस्तिकाही एकाच भांडारात, एकाच छताखाली ठेवलेल्या असतात. कर्नल सोडून उरलेल्या सगळ्याला तिथे ‘वर्ल्ड’ म्हणतात. नाव जरा मोठे वाटते, पण खोटे नाही.

हे ‘वर्ल्ड’ बांधायचे कसे?

दुकानातून पिठाचा पुडा आणणे आणि गहू निवडून गिरणीतून दळून आणणे, यात जो फरक तोच इथे आहे. पुड्यावर कंपनीचे नाव असते आणि आपण त्यावर भरवसा ठेवतो. दळणाला वेळ लागतो, गिरणीपर्यंत जावे लागते, पण डब्यात कोणता गहू होता हे ठाऊक असते.

पहिली पायरी गहू आणण्याची. फ्रीबीएसडीचा सोर्स ‘गिट’ या साधनाने उतरवला जातो (डिसेंबर २०२० पर्यंत हे काम ‘सबव्हर्जन’ करीत असे). इथे शाखा निवडावी लागते. केवळ सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या हव्या असतील तर ‘रिलीज’ची शाखा, थोडे नवे हवे असेल तर ‘स्टेबल’, आणि आज सकाळी कोणी तरी लिहिलेला कोडही चालणार असेल तर ‘मेन’. त्यानंतर ‘अपडेटिंग’ नावाची एक साधी मजकुराची फाइल वाचायची. तारीखवार नोंदी असतात : अमुक दिवसापासून हे बदलले आहे, तमुक करण्याआधी ते करा. अपडेट फसल्याच्या निम्म्या तक्रारींचे उत्तर या फाइलमध्ये आधीच लिहिलेले असते असे जुने वापरकर्ते सांगतात. आकड्याचे सोडा, पण ही फाइल न वाचणाऱ्यांची संख्या मोठी आहे यात शंका नाही.

मग ‘मेक बिल्डवर्ल्ड’ ही आज्ञा. गिरणीत गेलेल्या कुठल्याही मराठी गृहिणीला तिचे तत्त्व लगेच कळेल. बाजरीवर गहू घालू नका, गव्हावर गहू घाला, हा तिचा आग्रह असतो. जुन्या कंपायलरने थेट नवी प्रणाली बांधली तर जुन्याचे अंश नव्यात उतरण्याचा धोका असतो. म्हणून बिल्डवर्ल्ड आधी जुन्या कंपायलरकडून आवश्यक ती नवी अवजारे आणि नवा कंपायलर बांधून घेते आणि मग त्या नव्या संचाने बाकीचे ‘वर्ल्ड’ घडवते. सर्वाधिक वेळ खातो तो हा कंपायलरच. २०१४ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून फ्रीबीएसडी ‘क्लँग’ हा कंपायलर वापरते आणि तो अवाढव्य आहे. भरपूर कोअरच्या यंत्रावर चहा-नाश्ता होईपर्यंत काम उरकते. जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपावे लागते, आणि पंख्याच्या आवाजाने झोप येत नाही ती वेगळीच.

या सगळ्या काळात चालू प्रणालीला धक्का लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तयार होणारे सारे एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठते. मध्येच वीज गेली तरी बिघडत काही नाही. पुन्हा सुरू करायचे. त्यानंतर ‘बिल्डकर्नल’ने नवा कर्नल बांधायचा. इथवर फक्त दळण झाले आहे, घरातले पीठ अजून जुनेच आहे.

आधी कर्नल का?

आता बसवण्याची वेळ, आणि इथे क्रम चुकला तर मात्र क्षमा नाही. आधी ‘इन्स्टॉलकर्नल’, मग यंत्र पुन्हा सुरू करणे, मग ‘इन्स्टॉलवर्ल्ड’. कारण सरळ आहे. प्रत्येक प्रोग्राम कर्नलकडे काही ना काही मागत असतो : ही फाइल उघड, एवढी मेमरी दे. नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांची भाषा सहसा समजतो, तशी तजवीज केलेली असते. जुन्या कर्नलला मात्र नव्या प्रोग्रामांच्या मागण्या कळतीलच असे नाही.

२३ मे २०१७ रोजी याचे मोठे उदाहरण घडले. फाइल-यंत्रणेत प्रत्येक फाइलला एक क्रमांक असतो, त्याला आयनोड म्हणतात. तो ३२ बिटांचा होता, तो फ्रीबीएसडीच्या विकास शाखेत ६४ बिटांचा करण्यात आला. फाइलची माहिती विचारणाऱ्या मूलभूत मागण्याच त्यामुळे बदलल्या. ‘अपडेटिंग’ फाइलमध्ये बजावले होते की नव्या कर्नलवर यंत्र सुरू झाल्याशिवाय वर्ल्ड बसवू नका. घाई केली तर फोल्डरमधील फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञाही चालणार नाही अशी ती स्थिती. घरात सगळे आहे, पण दाराची किल्ली आत राहिली आणि कुलूप बाहेरून लागले, असा प्रकार. नवा कर्नल चाललाच नाही तर मागील कर्नल ‘कर्नल डॉट ओल्ड’ या नावाने जपून ठेवलेला असतो. त्यावरून यंत्र सुरू करता येते. झेडएफएस ही फाइल-यंत्रणा असेल तर अपडेटपूर्वी अख्ख्या प्रणालीची ‘बूट एन्व्हायर्नमेंट’ राखून ठेवता येते. अँड्रॉइड फोनमध्ये सातव्या आवृत्तीपासून दोन कप्प्यांची सोय आली : नवे एका कप्प्यात बसवायचे, फसले तर दुसऱ्यावर परतायचे. तीच कल्पना.

सर्वांत कंटाळवाणी आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची पायरी शेवटी येते. ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये प्रणालीच्या व्यवस्था-फाइली असतात : वापरकर्त्यांची यादी, नेटवर्कची मांडणी, कोणत्या सेवा सुरू ठेवायच्या ते. त्यात यंत्राच्या मालकानेही बदल केलेले असतात आणि नव्या आवृत्तीनेही. ‘ईटीसीअपडेट’ हे साधन जुनी मूळ प्रत, नवी मूळ प्रत आणि मालकाची प्रत अशा तिन्ही ताडून पाहते, जमेल तेथे आपणच जुळवते आणि उरलेल्या ठिकाणी विचारते. रात्री दोन वाजता, पेंगत, ‘हो हो’ म्हणत गेलेला माणूस इथे वापरकर्त्यांच्या यादीवर कोरी यादी टाकून मोकळा होऊ शकतो. मग दुसऱ्या दिवशी कोणालाच लॉग-इन करता येत नाही.

त्यानंतर ‘डिलीट-ओल्ड’ने कालबाह्य फाइली काढायच्या. जुन्या लायब्ररी मात्र लगेच काढू नयेत, बाहेरून बसवलेले प्रोग्राम त्यांवर अवलंबून असू शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या काळात दुसरा सोयीचा मार्गच नव्हता. कॉलिन पर्सिव्हल यांनी लिहिलेले ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ हे साधन ६.२ या आवृत्तीपासून मूळ प्रणालीत आले आणि प्रकल्पाने बांधलेल्या तयार फाइली थेट उतरवून घेणे शक्य झाले. घरातला एखादा सर्व्हर, छोट्या कार्यालयातले एखादे यंत्र सांभाळणाऱ्याने तोच मार्ग धरावा. सुरक्षा दुरुस्ती आज मिळत असताना ‘रविवारी निवांत बांधू’ म्हणून चार दिवस थांबणारा माणूस स्वतःला सुरक्षित नव्हे, असुरक्षित करीत असतो. सोर्सवरून बांधण्यात एक रुबाब आहे, आणि त्या रुबाबापोटी अनेक यंत्रे महिनोन्महिने जुनी राहतात हे मान्य करायला हवे.

पण काहींना गत्यंतर नसते. कर्नलमध्ये स्वतःचा बदल केला असेल तर तयार कर्नल चालत नाही. नेटफ्लिक्सचेच पाहा. ही कंपनी आपल्या सर्व्हरवर ‘मेन’ शाखेजवळचा, म्हणजे ताज्यातला ताजा कोड चालवते आणि ठरावीक अंतराने नवे बदल आपल्या प्रतीत मिसळून घेते. हिशेब पक्का आहे. वर्ष-दोन वर्षांनी एकदम मोठी झेप घेतली तर स्वतःचे बदल आणि जगाचे बदल यांची टक्कर सोडवताना नाकी नऊ येतात. थोडे-थोडे घेत राहिले तर टक्कर लहान राहते.

मार्च २०२४ मध्ये काय घडले?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा आहे. त्यांना सुगावा लागला तो दुसऱ्या यंत्रात लॉग-इन करताना जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणी तरी दोनेक वर्षे मदत करून, विश्वास संपादन करून, त्या प्रकल्पाच्या चाव्या मिळवल्या होत्या. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या दूषित होत्या.

यातील खरी मेख पुष्कळ बातम्यांत निसटली. घातक भाग चाचणीच्या फाइली म्हणून सार्वजनिक भांडारात पडून होता, निद्रिस्त. त्याला जागे करणारी स्क्रिप्ट मात्र भांडारात नव्हती. ती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या तयार गठ्ठ्यात घातलेली होती. ‘सोर्स खुला आहे, कोणीही तपासू शकतो’ हे वाक्य खरे होते आणि निरुपयोगीही, कारण लोक वाचत होते एक आणि वितरणे बांधत होती दुसरे. धान्याच्या राशीचा नमुना दाखवायचा आणि पोते भलतेच भरायचे, हा बाजारातला जुना खेळ.

फ्रीबीएसडीवर याचा परिणाम झाला नाही. त्याची कारणे प्रकल्पाने त्याच दिवशी दिली. प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांमध्ये जुने एक्सझेड होते. ‘मेन’ व ‘स्टेबल’ शाखांत ५.६.० आले होते, पण ते आत घेताना चोरदरवाजाचे घटक वगळले गेले होते. शिवाय फ्रीबीएसडी बाहेरच्या प्रकल्पाची बांधणी-यंत्रणा वापरतच नाही. स्वतःच्या ‘मेक’ फाइलींनी सारे बांधते, आणि हल्ला चालण्यासाठी ती बाहेरचीच यंत्रणा लागत होती. हल्ल्याचे लक्ष्यही एका विशिष्ट प्रकारच्या लिनक्स यंत्रणा हे होते, तेव्हा यात नशिबाचा भाग आहे. पण सगळाच नशिबाचा नाही. बांधणीची कृती स्वतःच्या हातात ठेवण्याच्या जुन्या, कंटाळवाण्या सवयीने एक दार आधीच बंद केले होते.

याच प्रकल्पाला २०१२ मध्ये ठेच लागली होती, हेही सांगायला हवे. एका विकासकाची एसएसएच किल्ली चोरीला गेली आणि प्रकल्पाच्या दोन यंत्रांत घुसखोरी झाली. ११ नोव्हेंबरला ती लक्षात आली. मूळ प्रणालीच्या सोर्सला धक्का लागला नव्हता. मात्र १९ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात उपलब्ध असलेल्या बाहेरच्या प्रोग्रामांच्या तयार पॅकेजची हमी देता येत नाही, असे प्रकल्पाने उघड सांगितले. सोर्सचा प्रत्येक बदल इतिहासासह असंख्य प्रतींत विखुरलेला असतो, तो गुपचूप बदलणे कठीण. तयार पॅकेज म्हणजे कोणा एका यंत्रावर घडलेली वस्तू. ते यंत्र संशयित झाले की वस्तूही संशयित.

गिरणीच भेसळ करू लागली तर?

स्वतः बांधले म्हणजे निर्धास्त, असे समजणाऱ्यांना केन थॉम्प्सन यांनी चाळीस वर्षांपूर्वीच जमिनीवर आणले आहे. युनिक्सच्या या जनकाचे ट्युरिंग पुरस्कार स्वीकारतानाचे व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवले की कंपायलरलाच असे शिकवता येते, की लॉग-इनचा प्रोग्राम बांधायला आला तर त्यात चोरदरवाजा घाल आणि कंपायलरचा स्वतःचा सोर्स बांधायला आला तर त्यात हीच युक्ती पुन्हा घाल. मग सोर्समधून तो दुष्ट भाग पुसून टाकला तरी चालते; वारसा पुढच्या कंपायलरमध्ये उतरत राहतो. गहू निवडून-पाखडून नेला, पण जात्याच्या पाळीतच काही मुरले असेल तर?

याला उतारा आहे, अर्धामुर्धा का होईना. डेव्हिड व्हीलर यांनी दोन वेगवेगळ्या कंपायलरकडून एकच काम करवून निकाल ताडण्याची पद्धत मांडली. दुसरा उपाय ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चा : तोच सोर्स पुण्यात बांधा की पॅरिसमध्ये, तयार फाइल बिट न् बिट तीच निघाली पाहिजे. ऐकायला सोपे, पण फाइलींत बांधणीची तारीख, यंत्राचे नाव अशा गोष्टी नकळत शिरतात आणि दोन बांधण्या जुळत नाहीत. डेबियनने यावर २०१३ पासून काम केले. नेटबीएसडी या भावंडाने २०१७ मध्ये आपली प्रणाली अशी बांधता येत असल्याचे जाहीर केले. ही गोष्ट सर्वत्र साधली तर प्रत्येकाने दळण दळण्याची गरज उरत नाही. चार परस्परांशी संबंध नसलेल्या लोकांनी बांधून एकच निकाल काढला, की उरलेल्यांनी पुडा खुशाल विकत घ्यावा. मात्र ते चार लोक असावे लागतात.

सगळ्याच बीएसडींना हे पटते का?

नाही. सुरक्षेबाबत सर्वांत कर्मठ मानल्या जाणाऱ्या ओपनबीएसडीची भूमिका उलट आहे. साधारण दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीतून दुसरीत सोर्स बांधून जाण्याला प्रकल्प पाठिंबा देत नाही. तयार प्रत बसवा, असे स्पष्ट सांगतो. अवजारांत असे बदल होतात की जुन्या प्रणालीला नवी बांधताच येत नाही, आणि त्या खाचाखोचा प्रत्येक वापरकर्त्याला समजावत बसायला विकासकांना वेळ नाही. यात आळस नाही, प्रामाणिकपणा आहे. फ्रीबीएसडीने तोच त्रास स्वतःच्या अंगावर घेतला, इतकेच.

भारताने यातून काय घ्यावे?

पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठीची ‘माया’ ही २०२३ मध्ये चर्चेत आलेली प्रणाली उबुंटूवर बेतलेली. दुसऱ्याचे खुले काम घेण्यात कमीपणा मुळीच नाही. सगळे जग तेच करते. पण ‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारला, की विचारायचा प्रश्न पडद्यावरच्या चित्राचा वा नावाचा नसतो. कर्नलपासून कंपायलरपर्यंत सारे कोणाच्या यंत्रावर बांधले जाते, आणि उद्या परदेशातील भांडार बंद झाले किंवा दूषित निघाले तर हातातल्या सोर्सवरून किती दिवसांत नवी प्रत काढता येईल, हा तो प्रश्न. निविदेत त्याचे उत्तर मागितले पाहिजे आणि वर्षातून एकदा ते प्रत्यक्ष करून दाखवायला लावले पाहिजे. अग्निशमनाची रंगीत तालीम होते, तशी.

बँक, वीज कंपनी, विद्यापीठ यांनाही प्रत्येक टेबलावर दळण मांडायचे नाही. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात अनेक यंत्रांसाठी वेगळी रीत दिलेली आहे : एक यंत्र फक्त बांधण्यासाठी, एक चाचणीसाठी, आणि तिथे पारखून झालेली बांधणी नेटवर्कवरून बाकीच्यांना. एक शक्तिमान यंत्र आणि ‘अपडेटिंग’ फाइल वाचणारी दोन माणसे एवढाच खर्च आहे. माणसांचा खर्च मंजूर करून घेणेच जास्त अवघड जाते, हे कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्याला सांगायला नको.

पुढे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या १५.० या आवृत्तीपासून फ्रीबीएसडीची मूळ प्रणालीही लहान-लहान पॅकेजच्या रूपात बसवण्याचा पर्याय मिळू लागला आहे. ‘बिल्डवर्ल्ड’ची आज्ञा घरोघरी देणारे त्यामुळे आणखी कमी होतील. जुन्या मंडळींची कुरकुर सुरू झाली आहे आणि तिच्यात आठवणींचा भाग बराच आहे. त्याच सोर्समधून तशीच पॅकेजे स्वतः बांधण्यासाठी ‘मेक पॅकेजेस’ ही आज्ञा मात्र ठेवण्यात आली आहे. ‘अपडेटिंग’ फाइलही अजून तिथेच आहे, तारीखवार नोंदींसह.